चामडं नसलेलं वाद्य

लेकीच्या बाळंतपणाला मी लीड्सला गेले ती २०२३ च्या एप्रिलअखेरीस. बॅगेत अळीव, डिंक, सुंठ, बाळंतशेपा, असं सगळं. विमानतळावरच्या बाईनं एकेक पुडी हुंगून बघितली आणि हसून सोडून दिलं. मे महिन्यात नातू झाला आणि माझे दिवस त्याच्या झोपेला बांधले गेले. तो झोपला की घर झोपायचं, तो उठला की घर उठायचं.

लेकीच्या घरामागं एक जुनं विटांचं सभागृह आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजले की तिथून आवाज यायचा. आधी एकटा, मग दहा-पंधरा मिळून. हौदात कुणी पितळी वाट्या सोडाव्यात आणि त्या तरंगत एकमेकींवर हळू आपटाव्यात, तसा. नेमकी ती नातवाची झोपायची वेळ. दुसऱ्याच आठवड्यात मी लेकीला म्हटलं, "अगं, त्यांना जाऊन सांग की, घरात ओली बाळंतीण आहे म्हणून."

ती म्हणाली, "आई, ती शाळेतून काढलेली, घरी लक्ष द्यायला कुणी नसलेली पोरं आहेत. तिथं येऊन पिंपं वाजवतात. नाही आली तर कुठं जातील?"

"पिंपं?"

"हो. तेलाची."

मला वाटलं, चेष्टा करते आहे. पण शेजारच्या बाईंनीही तेच सांगितलं. त्या सत्तरी ओलांडलेल्या, मूळच्या त्रिनिदादच्या. लेक त्यांना आंटी म्हणायची, मी मनात मावशी म्हणायला लागले. सभागृहात मुलांच्या खाण्यापिण्याचं त्याच बघायच्या. एका शुक्रवारी माझा हात धरून म्हणाल्या, "ऐकून कान दुखवून घेण्यापेक्षा बघायला चल." माझं इंग्रजी बी. ए. ला मराठी घेतलेल्या बाईचं असतं तितकंच. पण म्हाताऱ्या बायकांना एकमेकींचं कळायला फार शब्द लागत नाहीत.

आपल्याकडं डिझेलचं दोनशे लिटरचं बॅरल असतं ना, तेच. त्याचा तळ घणानं ठोकून ठोकून आत खोल करतात, परातीसारखा. मग त्या खोलात स्वरांच्या जागा आखतात, त्यांच्या कडेनं ठोकून प्रत्येक जागा वेगळी काढतात, पिंप हवं तितकं आखूड कापतात आणि आगीवर तापवतात. शेवटी जाणकार माणूस छोट्या हातोडीनं एकेक जागा स्वरात आणतो. त्या खोलगट पत्र्यावर लहान-मोठे फुगवटे दिसतात. मोठा फुगवटा खर्जाचा, लहान फुगवटा वरचा. टोकाला रबर गुंडाळलेल्या दोन काठ्यांनी वाजवायचं. सगळ्यात बारीक आवाजाचं पिंप एकच असतं, त्यात अठ्ठावीस-एकोणतीस स्वर मावतात. आणि खर्जासाठी उंचीला पुरी अशी सहा-सहा पिंपं लागतात, प्रत्येकात जेमतेम तीन-तीन स्वर. वाजवणारा मुलगा त्यांच्या मधोमध उभा राहून असा गरगर फिरतो की आपल्याला घेरी यावी. स्टीलपॅन म्हणतात याला. तिथले लोक नुसतं 'पॅन' म्हणतात.

तिथल्या मास्तरांनी मला एक पॅन उलटा करून दाखवला. ते स्वतः पोरवयात याच सभागृहात आलेले. मी हात फिरवून बघितला आणि विचारलं, "चामडं कुठं असतं?"

"चामडं नाही. नुसतं लोखंड."

मी मनात म्हटलं, म्हणजे हे आपल्याला चालेल. आणि म्हटलं मात्र, पोटात काहीतरी गर्रकन फिरलं. ते काय फिरलं ते पुढं सांगते.

ही पिंपं आली कुठून, ते मावशींनी तुकड्यातुकड्यानं सांगितलं आणि उरलेलं लेकीनं वाचनालयातून पुस्तकं आणून दिली त्यात सापडलं. त्रिनिदाद हे वेस्ट इंडिजमधलं बेट. तिथं आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचे ढोल होते. गुलामी संपली, पण ढोल वाजला की गोऱ्या सरकारला धडकी भरायची. १८८१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनमध्ये कार्निव्हलच्या वेळी पोलिसांची आणि लोकांची मोठी मारामारी झाली आणि १८८४ च्या कायद्यानं ढोलावर बंदी आली. मग लोकांनी बांबू कापले. लांब-आखूड बांबू जमिनीवर आपटून ताल धरायला लागले. पुढं १९३० च्या सुमाराला बिस्किटाचे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याच्या पेट्यांची झाकणं, मोटारीचे ब्रेक ड्रम, जे हाताला लागेल ते. डबा ठोकता ठोकता पोचा आला की आवाज बदलतो, हे कुणाच्या तरी पोराच्या ध्यानात आलं. एका डब्यातून दोन आवाज निघाले, मग चार, मग गाणं. दुसऱ्या महायुद्धात कार्निव्हल बंद होता. १९४५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली तशी पोरं डबे घेऊन रस्त्यावर उतरली. त्या बेटावर तेल निघतं, त्यामुळं रिकाम्या पिंपांना तोटा नव्हता. विन्स्टन 'स्प्री' सायमन, एली मॅनेट, अँथनी विल्यम्स ही त्या पोरांतली नावं आज तिथं आपल्याकडच्या थोर वादकांच्या आदरानं घेतली जातात.

तेव्हा मात्र आदर कुठला! पॅन वाजवणारा म्हणजे गुंड. आणि खोटं कशाला बोला, मारामाऱ्या व्हायच्याच. एका वस्तीचा बँड दुसऱ्या वस्तीच्या बँडवर धावून जायचा. बँडची नावं तरी बघा, डेस्परॅडोज, इन्व्हेडर्स, रेनेगेड्स. म्हणजे बेदरकार, चढाई करणारे, फितूर. मावशी म्हणाल्या, "माझ्या आईनं सांगून ठेवलं होतं, पॅनयार्डच्या बाजूला दिसलीस तर तंगडं मोडीन." पॅनयार्ड म्हणजे जिथं ही मंडळी सरावाला जमतात ते अंगण. चांगल्या घरच्या मुलींनी त्या अंगणावरून जायचंसुद्धा नाही.

"मग तुम्ही कशा शिकलात?"

"नाही शिकले. म्हणून तर इथं चहा करते." आणि त्या हसल्या.

१९५१ मध्ये लंडनला 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' नावाचा मोठा उत्सव होता. त्यासाठी बेटानं वर्गणी काढली आणि वेगवेगळ्या बँडमधली निवडक पोरं एकत्र करून पाठवली. एकमेकांची डोकी फोडणारी पोरं एका बोटीतून गेली. त्या चमूतले स्टर्लिंग बेटनकोर्ट परत गेलेच नाहीत, इंग्लंडमध्ये राहिले. पुढं १९६६ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये वस्तीतल्या मुलांसाठी एक मेळा भरला होता, तिथं रसेल हेंडरसन आणि त्यांचे साथीदार वाजवत वाजवत रस्त्यानं चालू लागले, त्यांतही बेटनकोर्ट होते. मुलं मागून, मुलांच्या मागून आयाबाया. आज लाखो लोक जमतात त्या नॉटिंग हिल कार्निव्हलच्या मिरवणुकीची सुरुवात ती. लीड्सचा कार्निव्हल त्याच्या पुढच्याच वर्षीचा, १९६७ चा.

आणखी एक गोष्ट वाचून मी चमकले. १८४५ पासून आपल्या देशातले मजूर करारावर त्रिनिदादला उसाच्या मळ्यात गेले. त्यांच्याच वंशातला जित सामारू नावाचा मुलगा पॅनकडं वळला आणि पुढं रेनेगेड्स बँडसाठी त्यानं ज्या रचना बांधल्या, त्यांवर बँडनं तिथली सगळ्यात मोठी 'पॅनोरमा' स्पर्धा नऊ वेळा जिंकली. मावशींनाही आपल्या लोकांचं खाणं पाठ. एकदा माझ्यासाठी दालपुरी करून घेऊन आल्या. आपल्या पुरणपोळीची तिखटामिठाची बहीण. लसूण घातलाय का, हे विचारायला मला फार जड गेलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या लेकीनं आधीच सांगितलंय, नाही घातला." तिथं सूर्य रात्री साडेनऊला मावळतो, त्यामुळं सूर्यास्ताआधी जेवायचा नियम पाळूनही मला दालपुरी सावकाश खाता आली.

मी दर मंगळवारी, शुक्रवारी जायला लागले. नातवाला गाडीत घालून न्यायची. त्या आवाजात तो इतका गाढ झोपायचा की तक्रार करायला मला तोंड उरलं नाही.

तिथं एक मुलगा यायचा. तेरा-चौदा वर्षांचा, डोक्यावरची टोपी डोळ्यांवर ओढलेला. पहिले तीन आठवडे तो दारातच उभा होता. आत ये म्हणून कुणी म्हणालं नाही, जा म्हणूनही कुणी म्हणालं नाही. चौथ्या आठवड्यात मास्तरांनी चालता चालता त्याच्या हातात मोटारीचा एक ब्रेक ड्रम आणि लोखंडी कांब दिली. अशी दिली, जसं काही वाटेत आहे म्हणून जरा धर बाबा. त्या लोखंडाच्या ठोक्यावर सगळ्यांचा ताल चालतो. पोराला ते कळेपर्यंत सगळं सभागृह त्याच्या ठोक्यावर वाजत होतं.

तिथली पद्धत मला फार आवडली. कागदावरचे स्वर वाचता यायची अट नाही. मास्तर एक तुकडा वाजवून दाखवतात, मुलं तो कानानं उचलतात. ज्याला आला त्यानं शेजारच्याला शिकवायचा. वाद्य विकत घ्यायला नको, सभागृहाची आहेत. घोड्या मांडणं आणि आवरणं सगळ्यांनी मिळून करायचं. आणि कुणाच्या घरी काय चाललंय, हे त्यानं सांगितल्याशिवाय विचारायचं नाही. कुणाचा बाप तुरुंगात, कुणी सरकारनं नेमलेल्या परक्या घरात राहणारा, हे मला पुढं मावशींच्या बोलण्यातून ओझरतं कळलं. पॅनपुढं उभं राहिल्यावर मात्र तो फक्त दुसऱ्या रांगेतला तिसरा.

जुलैत त्या टोपीवाल्या पोराचं काहीतरी बिनसलं. त्याला एव्हाना पॅन मिळाला होता. एकदा तुकडा चुकला, शेजारचा हसला, तर यानं घोडीला लाथ घातली. पॅन खणखणत खाली पडला. पोरगं तरातरा निघून गेलं. मला वाटलं, संपलं. मास्तरांनी पॅन उचलला, कानाजवळ धरून दोन-तीन स्वर वाजवून बघितले, दोन जागा बेसूर झाल्या होत्या. त्यांनी तो परत त्याच जागी घोडीवर ठेवला.

पुढचे दोन आठवडे तो आला नाही. बाकी सगळे वाजवत होते आणि मधे ती एक जागा रिकामी. मी मावशींना म्हटलं, "बाहेर दोन पोरं वाट बघताहेत. त्यांना का देत नाहीत?"

"त्याचं आहे ते," एवढंच त्या म्हणाल्या.

तिसऱ्या आठवड्यात तो आला. एक शब्द कुणी बोललं नाही. त्याच्या पॅनच्या दोन्ही जागा तोवर स्वरात आणून ठेवलेल्या होत्या.

त्या रात्री नातवाला मांडीवर घेऊन मी बराच वेळ बसून राहिले. आता पोटात काय फिरलं होतं, ते सांगते.

माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा. आमचं गाव निपाणीजवळचं, घर शेतकरी जैनाचं. भावाच्या हाताला स्वस्थता म्हणून नव्हती. ताटावर, हंड्यावर, शाळेच्या बाकावर, बोटं सतत चाललेली. गावात म्हाई आली, वरात आली की हलगीवाल्यांच्या मागं मागं वेशीपर्यंत जायचा. हलगी वाजवणाऱ्यांतल्या एकाचा मुलगा त्याच्या वर्गात होता. शाळा सुटली की दोघं ओढ्यात जायचे. पाचट पेटवून हलगी शेकायची, चामडं ताणलं की कडकडीत बोलायला लागतं. मग एका हातात जाड काडी, एका हातात बारीक कामटी. आळीपाळीनं वाजवायचे. मला हे ठाऊक होतं. मी दोन-तीनदा झाडाआड उभी राहून ऐकलंही होतं. भाऊ सुरेख वाजवायचा.

मी तेव्हा तेरा वर्षांची. एक दिवस शाळेतून मैत्रिणीकडं गेले आणि घरी यायला उशीर झाला. आप्पा मला सोप्यातच धरून बोलायला लागले. त्यांचा राग माझ्यावरून उडावा म्हणून मी म्हटलं, "मला बोलताय, तुमचा लेक बघा जाऊन, ओढ्यात हलगी बडवतोय."

आप्पा तसेच उठले. मीही मागं मागं गेले. त्यांनी भावाला कानाला धरून उभं केलं आणि त्याच्या हातातली हलगी घेऊन दगडावर आपटली. कडं वाकलं, चामडं फाटलं. "चामड्याला हात लावतोस? जीव मारून केलेलं हाय ते. आपल्या घरात जन्म घेऊन?" एवढं बोलून त्यांनी त्याला काठीनं मारलं. त्याचा मित्र तिथंच उभा होता. आप्पा त्याला काहीच बोलले नाहीत. मारणं नाही, शिवी नाही. तिथं कुणी उभंच नाही असं वागले. घरी आल्यावर आईनं भावाला न्हाऊ घातलं, मगच आत घेतलं.

आप्पा क्रूर नव्हते. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून मान खाली घालून चालणारा माणूस. म्हणून कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावत आले, की त्यांचा विरोध हलगीला नव्हता, हिंसेला होता. पण आमच्या देवळात भजनाला तबला होता. ढोलकी होती. ती निवडून आणायला आप्पाच मिरजेला गेले होते. तबल्याला काय कापड असतं? पंचकल्याणकाच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढं हलगीच चालायची, आणि जेवणाच्या पंगतीला ते लोक मंडपाबाहेर. वाद्य पुढं चालवायचं, वाजवणाऱ्याला बाहेर बसवायचं. मग आप्पांना खुपलं ते चामडं नव्हे. त्यांचा मुलगा त्या मुलाच्या मांडीला मांडी लावून बसला होता, ते खुपलं.

हे मला चाळीस वर्षं दिसत होतं. पण लीड्सच्या त्या सभागृहात, लोखंडावर हात ठेवून 'हे आपल्याला चालेल' असं मी म्हटलं, तेव्हा आप्पा माझ्याच तोंडून बोलल्यासारखे वाटले.

त्यानंतर भावाची बोटं कधी वाजली नाहीत. नववीत नापास झाला, तंबाखूच्या वखारीत लागला, पुढं खतांचं दुकान टाकलं. आज त्याचं बरं चाललंय. पण वरातीतही तो हात मागं बांधून उभा असतो.

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी लीड्सचा कार्निव्हल झाला. मावशींनी मला खुर्ची टाकून दिली. रंगीत पिसांच्या पोशाखातल्या बायका, खाण्याचे ठेले, गर्दी. आणि ट्रकवर आमची पोरं. मी 'आमची' म्हणायला लागले होते. टोपीवाला मुलगा टोपीशिवाय उभा होता. तेव्हा पहिल्यांदा मला त्याचं कपाळ दिसलं. त्याच उन्हाळ्यात, जुलैमध्ये, संयुक्त राष्ट्रांनी ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन म्हणून जाहीर केला होता. त्रिनिदादनं तर १९९२ मध्येच पॅनला राष्ट्रीय वाद्य केलं. मावशी म्हणाल्या, "माझ्या आईला हे सांगायला हवं होतं." मी मोबाइलवर त्या ट्रकचं चित्रण करून ठेवलं.

सप्टेंबरात दशलक्षण पर्व आलं. मी तिथंच घरात बसून पूजापाठ केला. पर्व संपलं की क्षमावाणी. दर वर्षी त्या दिवशी आम्ही भावंडं एकमेकांना फोन करून 'उत्तम क्षमा' म्हणतो. कळत नकळत काही चुकलं असेल तर क्षमा असावी. ठरलेलं वाक्य, चार सेकंदांत संपतं. मग पाऊसपाणी, सोयाबीनचा दर.

या वेळी मी आधी त्याला ते चित्रण पाठवलं. मग फोन केला. तो म्हणाला, "बघितलं अक्का. चार येळा बघितलं. त्येला चामडं न्हाई न्हवं?"

"न्हाई. नुसतं लोखंड."

तो हसला. "मग आप्पा काय म्हणले असते गं?"

मी म्हटलं, "त्या दिवशी आप्पांना मी सांगितलं होतं. चुगली मी केली होती." बेचाळीस वर्षांनी म्हटलं.

"माहीत हाय की मला. तवाच कळलं हुतं. तू मागं झाडाखाली उभी हुतीस." थोडा थांबला. "तुझं काय न्हाई अक्का. तू पोरगी हुतीस. पण त्येची हलगी त्येच्या बापाची हुती. त्या घराचं पोट हुतं त्येच्यावर. ते कुणी भरून दिलं?"

मला उत्तर नव्हतं. मग त्यानं मला माहीत नसलेलं सांगितलं. वखारीतल्या पहिल्या पगाराची त्यानं नवी हलगी घेतली आणि रात्री मित्राच्या घरी नेली. मित्रानं घेतली नाही. म्हणाला, "आमच्या वस्तीनं ठराव केलाय. आता कुणाच्या दारात वाजवायला जायचं न्हाई. मी शिकतोय. तू ने परत." भावानं ती कुठं ठेवली, ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

फोन ठेवल्यावर मला त्रिनिदादच्या पोरांचा आणि त्या मित्राचा फरक ध्यानात आला. त्यांना वाजवायला बंदी होती, म्हणून वाजवणं हाच त्यांचा मान झाला. याला वाजवायची सक्ती होती, म्हणून न वाजवण्यात मान होता. वाद्य एवढंसं, पण कुणाच्या हुकमावरून हातात आलं त्यावर सगळं. लीड्सच्या त्या सभागृहात मी पाच महिने बघितलं, ते हुकूमही नव्हता आणि बंदीही नव्हती. दारात उभ्या असलेल्या पोराला कुणी तरी चालता चालता कांब दिली, आणि ते रुसून गेलं तरी त्याची जागा दुसऱ्याला दिली नाही. बस, एवढंच. तेवढ्यावर एक पोरगं टोपी काढून उभं राहिलं.

ऑक्टोबरात मी परत आले. दिवाळीनंतर भावाला म्हटलं, चल. आम्ही त्याच्या मित्राच्या घरी गेलो. तो सरकारी बसवर ड्रायव्हर होता, आता तालुक्याच्या गावी घर बांधलंय. सूनबाईंनी चहा आणला. त्या घरातला हा माझा पहिला चहा, आणि हे लिहायलाही मला लाज वाटते. काय बोलायचं ते मी वाटेत पाठ केलं होतं. दर वर्षी शेकडो लोकांना 'उत्तम क्षमा' म्हणणारी माझी जीभ तिथं उचलेना. शेवटी मी एवढंच म्हणाले, "त्या दिवशी मी तिथं होते."

तो म्हणाला, "व्हय, माझ्या ध्यानात हाय." मग भावाकडं बघून म्हणाला, "हात चांगला हुता ह्याचा." आणि मग, "चहा घ्या, गार होतोय."

माफ केलं, असं तो म्हणाला नाही. त्यानं म्हणावं, असंही मला वाटत नाही.

आमच्या मंदिराच्या मागं एक हॉल आहे. पर्वात आणि लग्नसराईत वापरतात, एरवी कुलूप. महिला मंडळाच्या सभेत मी विषय काढला, की आठवड्यातून दोन संध्याकाळी तो मुलांना द्यावा. वाद्यं मंडळानं घ्यावीत, शिकवणारा बघू, फी नको. सगळ्यांना कल्पना आवडली. मग एकीनं विचारलं, "कुणाकुणाची मुलं येणार?"

मी म्हटलं, "येतील त्यांची."

सभा जरा गप्प झाली. कुणी म्हणालं, पंचांना विचारायला हवं. कुणी म्हणालं, चामड्याची वाद्यं देवळाच्या आवारात नकोत. मी म्हटलं, आत तबला आहे. तेव्हा विषय पुढच्या सभेवर गेला.

पुढची सभा झाली, त्याच्या पुढचीही झाली. मावशींचा निरोप येतो. त्या टोपीवाल्या मुलाकडं आता घोड्या मांडायचं काम आहे, आणि दारात उभ्या राहणाऱ्या नव्या पोरांना तोच कांब देतो. इथं हॉलची किल्ली अजून मला मिळालेली नाही. दर सभेला मी ती मागते.